शाळेसाठी पोलीस मागताना : माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या अनुदानित माध्यमिक शाळेत मी शिकवते. आजूबाजूच्या खेड्यांतील मुली मानव विकास या सरकारी योजनेच्या निळ्या बसने येतात आणि मुले सायकलने किंवा ऑटोने येतात. दिवाळीनंतर शाळा सुटल्यावर फाट्यावर दहावीच्या दोन मुलांची मारामारी झाली, एकाच्या डोक्याला टाके पडले, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत शाळेच्या फाटकावर कायमचा पोलीस शिपाई मिळावा असा ठराव एकमताने मंजूर झाला. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या सखी सावित्री समितीत शिक्षक प्रतिनिधी म्हणून माझे नाव असल्याने ठरावाचा पाठपुरावा मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिला.

ठाणेदार साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला. ठाण्याच्या हद्दीत गावे पुष्कळ, सणावारांचा बंदोबस्त आणि न्यायालयाची कामे वेगळीच, हे त्यांनी सांगितले, आणि ते अपेक्षितच होते. त्यानंतर ते म्हणाले, "मॅडम, माणूस दिला असं समजा. तो दिवसभर फाटकावर उभा राहून करणार काय, तेवढं लिहून आणा." टाळण्याची ही चांगली रीत आहे, असेच मला तेव्हा वाटले. मात्र उत्तर लिहायला बसल्यावर लक्षात आले की आमच्या ठरावात पोलीस कशासाठी हवा, याविषयी एक ओळही नव्हती.

म्हणून आठवी ते दहावीच्या मुलामुलींना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि भीती कुठे व केव्हा वाटते एवढेच, नाव न घालता, लिहायला सांगितले. पोलीस पाटील आणि अंगणवाडी सेविका या समितीच्या दोन सदस्यांसोबत त्या वाचल्या. शाळेच्या आवारातील तक्रारी थोड्या होत्या. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, ही त्यांतली सर्वांत जास्त वेळा आलेली. बाकी बहुतेक चिठ्ठ्या फाट्यावरील पानठेल्याविषयी आणि बसची वाट पाहण्याच्या वेळेविषयी होत्या. आमची शाळा पाचला सुटते, बस सहानंतर येते, आणि डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारासच दिवस मावळतो. एका मुलीने लिहिले होते, "ठेल्यावरचे पोट्टे आधी गाणे म्हणतात, मग गाडी आडवी लावतात." बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयानुसार आमच्याकडे कॅमेरे बसले आहेत, त्यांतला एकही फाटा दाखवत नाही, आणि फाटकावर उभ्या असलेल्या शिपायालाही तो दिसला नसता.

एका चिठ्ठीत एका ऑटोचालकाविषयी लिहिले होते. ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि पुढे ती मुलगी स्वतःच अंगणवाडी सेविकेशी बोलली. गावातच मिटवा, मुलीचे नाव निघेल, असे सांगणारी जाणती माणसे त्या दिवशी शाळेत आली. परंतु मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे, हे मुख्याध्यापकांनी त्यांना वाचून दाखवले. तालुक्याहून आलेल्या महिला उपनिरीक्षक साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. मुलीच्या घरी, तिच्या आईशेजारी चटईवर बसून त्यांनी जबाब घेतला आणि मुलीला एकदाही ठाण्याची पायरी चढावी लागली नाही. जबाब घेताना गणवेश नसावा, हे याच कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलेले आहे; त्याचा अर्थ मला त्या चटईकडे पाहून कळला. पोलीस हवेतच, आणि ते असे हवेत.

याच्या अगदी उलट अनुभव पारधी बेड्यावरचा, म्हणजे पारधी जमातीच्या वस्तीवरचा. मारामारीच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांची जीप प्रार्थनेच्या वेळी मैदानात उभी होती. त्या भांडणाशी बेड्यावरच्या मुलांचा काहीही संबंध नव्हता, तरी त्यानंतर ती मुले शाळेत येईनाशी झाली. घरी गेले तेव्हा एका मुलाची आई म्हणाली, "गाडी कोनासाठी आली ते आमाले कोन सांगते, बाई? चोरी कुठंबी झाली तं पहिले आमच्याच दारात येते." इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून निघाला, एवढे मी वर्गात शिकवत आले आहे, बेड्यावर तो अजून निघालेला नाही. सर्वांना सुरक्षित वाटावे म्हणून आम्ही जो गणवेश फाटकावर मागत होतो, त्याच गणवेशामुळे ही मुले घरी बसली होती. ती मुले परत यावीत म्हणून खूप मनधरणी करावी लागली, आणि त्यांतला एक मुलगा अजूनही आलेला नाही.

या सगळ्यावरून लिहिलेला नवा अर्ज समितीच्या बैठकीत मांडला तेव्हा टाके पडलेल्या मुलाचे वडील उठून उभे राहिले. ज्याने मारले त्याच्यावर एफआयआर का झाला नाही, हा त्यांचा प्रश्न होता. बाल न्याय कायदा २०१५ आणि त्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अल्पवयीन मुलाविरुद्ध एफआयआर साधारणतः सात वर्षे किंवा अधिक किमान शिक्षेच्या अतिगंभीर गुन्ह्यातच नोंदवतात. बाकी प्रकरणांची ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो, असे ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांनी समजावून सांगितले. प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी असावा, असे या कायद्याचे कलम १०७ सांगते. आमच्या ठाण्यात तो आहे, हे मात्र आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. "म्हणजे माझ्या पोराचे टाके डायरीतच राहणार," असे म्हणून ते वडील खाली बसले. नियम योग्य आहे असे मला वाटते, परंतु त्यांचा राग चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही.

शेवटी जे ठरले त्यात फाटकावरचा शिपाई नाही. शाळा सुटल्यापासून बस निघेपर्यंत बीट जमादारांनी (आमच्या भागाचे पोलीस हवालदार) फाट्यावर थांबावे. मुले आणणाऱ्या ऑटोचालकांची आणि शाळेतील कंत्राटी कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी ठाण्याने करून द्यावी. मुलांच्या आपसातल्या भांडणात शाळेने आधी दोन्ही घरच्यांना बोलवावे. हत्यार किंवा गंभीर इजा असेल तर मुख्याध्यापकांनी बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना कळवावे आणि त्यांनी साध्या कपड्यांत यावे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर शाळेने स्वतः चौकशी करत न बसता त्याच वेळी पोलिसांना कळवावे. यावर ठाणेदार आणि मुख्याध्यापक या दोघांच्या सह्या घेतल्या. सह्यांविषयी मी अडून बसले, कारण ठाणेदारांची बदली कधी होईल सांगता येत नाही.

आणि ती झालीच. नव्या ठाणेदारांना फाट्यावरील बंदोबस्ताची कल्पना नव्हती; जमादार येणे बंद झाले आणि ठेल्यावरची गर्दी त्याच आठवड्यात परतली. सह्यांचा कागद घेऊन पोलीस पाटील आणि मी पुन्हा ठाण्यात गेलो, तेव्हा बंदोबस्त सुरू झाला. कडी बसली. ऑटोचालकांपैकी काहींची पडताळणी अजून बाकी आहे. बस शाळा सुटल्यावर लगेच यावी म्हणून आगाराला दिलेल्या अर्जाचे उत्तर आलेले नाही, त्यामुळे सध्या मुलींना बस येईपर्यंत शाळेतच बसवतो आणि आम्ही शिक्षिका आळीपाळीने थांबतो.