जर्मनीचा स्विच, अंबडचा बोल्ट

दिवाळीत नाशिकला आलो की पहिला शनिवार मामांच्या शेडमध्ये. शेड लाकूडकामाची, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहे, शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे मशीन बंद आणि मामा निवांत. यंदा मात्र चहा यायच्या आधीच मामेभावाने एक देव्हारा पुढ्यात आणून ठेवला. एमडीएफच्या फळीचा, मामांच्याच सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाने फिरणाऱ्या कापणी-मशीनवर, कापलेला; वर कमान, दोन्ही बाजूंना जाळी. काम देखणं होतं. फक्त मागची पाटी बसत नव्हती. वरच्या कोपऱ्यात जुळवली की खालून फट.

"दादा, तू तिकडे हेच करतोस ना? बघ जरा."

तिकडे म्हणजे श्टुटगार्टजवळच्या एका गावात. नोकरी संगणकासमोरची, पण संध्याकाळी मी गावातल्या सामायिक कार्यशाळेत जातो. वर्षाची वर्गणी भरली की किल्ली मिळते. (रविवारी मात्र राउटर लावायचा नाही. रविवारची शांतता तिथे कायद्याने पाळतात आणि शेजारी कायद्यापेक्षा कडक असतात.) तिथलं सीएनसी राउटर मी पहिल्याच महिन्यात बिघडवलं होतं. मोटर बंद असताना भुसा झाडायला गॅन्ट्री, म्हणजे कापणारं टूल वाहून नेणारा आडवा पूल, एका हाताने, एका टोकाला धरून सरकवली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाची फळी चौकोनी न निघता समांतरभुज निघाली. बीचचं लाकूड होतं, स्वस्त नव्हे.

झालं काय, तर मोठ्या राउटरची गॅन्ट्री दोन्ही टोकांना वेगवेगळी मोटर ओढते. रामरथाचे दोर ओढणारे आठवा. एका बाजूने जोर जास्त केला की रथ तिरका होतो, तसंच. चालू असताना दोन्ही मोटरना सारख्याच पल्स, म्हणजे विजेचे ठोके, जातात म्हणून त्या बरोबरीने चालतात. पण वीज गेली की कोण कुठे आहे हे कुणालाच आठवत नाही. हाताने एक बाजू पुढे गेली, की पुन्हा चालू केल्यावर दोघी त्याच तिरक्या जागेवरून इमानाने बरोबरीने चालू लागतात.

आमच्या कार्यशाळेत यावर उपाय आहे तो गॅन्ट्री टोकाला पोहोचली हे सांगणाऱ्या दोन लिमिट स्विचचा, प्रत्येक मोटरला स्वतःचा. होमिंगच्या वेळी, म्हणजे मशीन आपली शून्याची जागा शोधतं तेव्हा, डावी मोटर आपल्या स्विचवर थांबते, उजवी आपल्या. मशीन चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी या प्रणालीत होम सीक्वेन्सचा (होमिंगच्या क्रमाचा) आकडा उणे दिला की शेवटची सरक दोघी एकत्रच करतात. स्विच नेमके काटकोनात बसलेले नसतातच, म्हणून एका बाजूच्या होम ऑफसेटमध्ये, म्हणजे स्विच शून्यापासून किती अंतरावर आहे त्या आकड्यात, फरक भरायचा. झालं. मला वाटायचं, हा प्रश्न सुटलेला आहे.

मामांच्या मशीनला दोन मोटर होत्या, स्विच एकच. मशीनला हुकूम देणारा, हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर, दोन्ही मोटरना एकच पल्स. दुसरा स्विच लावून उपयोग नव्हता, कंट्रोलरला तो कळणारच नव्हता. मी नवा कंट्रोलर, वायरिंग, खर्च असं बोलायला लागलो. मामांनी हात वर केला.

"आधी किती गुण्याबाहेर आहे ते तर बघ."

गुण्या हा सुतारांचा शब्द, गुण्यात म्हणजे काटकोनात. नाशिकला भिंतसुद्धा गुण्यात असते किंवा नसते. मामांनी शीटवर 6 मिमीच्या टूलने चार भोकं पाडायला लावली: गॅन्ट्रीच्या दिशेने 1200 मिमी, लांबीच्या दिशेने 1600. मग कर्ण 2000 यायला हवा, गवंड्याचा तीन-चार-पाच. भोकांत पिना बसवल्या, दोन्ही वेळा पिनेची एकाच बाजूची कड धरली. टेप शून्यापासून धरायची नाही, टोकाचं नाक हलतं. शंभराच्या खुणेपासून धरली आणि शेवटी शंभर वजा केले. एक कर्ण 2002, दुसरा 1998.

बरेच लोक इथे चुकतात. चार मिमीचा फरक म्हणून एक बाजू चार मिमी सरकवतात. गणित वेगळं आहे. या मापाच्या चौकटीत कर्णांतला फरक तिरकेपणाच्या, म्हणजे एक बाजू जितकी पुढे गेली त्याच्या, 1.6 पट दिसतो. म्हणजे 1200 मध्ये अडीच मिमी तिरकं. गॅन्ट्री ज्यावर चालते त्या रॅक-पिनियनच्या (दातेरी पट्टी आणि दातेरी चाक) दोन रांगांत अंतर 1500, म्हणून तिथे सव्वातीन नाही, तीन पूर्णांक एक दशांश. मी फोनवर आकडेमोड करत होतो, तोवर मामा म्हणाले, "एक सूत म्हण ना." इंचाचे आठ सूत. खरंच, एक सूत. पुढे गेलेली बाजू ओळखायलाही सोपी: लांब कर्ण दूरच्या ज्या कोपऱ्यात संपतो, ती बाजू पुढे.

मग फ्रेमच्या मागच्या टोकाला दोन जाड बोल्ट लावले, डोकं गॅन्ट्रीकडे, चेकनटसह (बोल्ट जागचा हलू नये म्हणून आवळायचा जादा नट). वीज बंद. गॅन्ट्री मध्यावर दोन्ही हातांनी धरून मागे ढकलायची, दोन्ही बाजू टेकल्या की वीज चालू. काटकोन कंट्रोलरकडे नाही, त्या दोन बोल्टांकडे. एक बोल्ट एक सूत पुढे काढला. पुन्हा भोकं. फरक चाराचा दोन झाला, आणि वीज बंद करताच गॅन्ट्री 'टक्' करून थोडी परत गेली.

तो आवाज मला ओळखीचा वाटला. मामा टॉर्च घेऊन खाली वाकले. गॅन्ट्रीची बीम बाजूच्या प्लेटांना तिरकी असतानाच कसून ठेवली होती. लोखंडाला तिरकंच बसायचं होतं, आम्ही त्याला दटावून सरळ करत होतो. "असं रोज दटावलं तर पिनियन खातं," मामा म्हणाले. दोन्ही टोकांचे चार-चार बोल्ट सैल केले, गॅन्ट्री फ्रेमच्या त्या दोन जाड बोल्टांवर टेकवली, हलकेच ठोकून बसू दिली आणि मग आलटूनपालटून कसलं. आता वीज काढली तरी 'टक्' नाही. कर्णांतला फरक अर्ध्या मिमीच्या आत आला, त्याखाली टेप सांगू शकत नाही.

मामेभावाने शेवटची खात्री केली ती मला फार आवडली. एकाच फाइलवरून दोन पाट्या कापल्या, एक उलटी करून दुसरीवर ठेवली. चूक असती तर दुप्पट दिसली असती. बोट फिरवलं, कड लागली नाही. देव्हाऱ्याची पाटी त्याच दुपारी बसली, आणि जेवायला आम्ही चार वाजता मिसळीवर बसलो.

परतल्यावर पहिल्याच सोमवारी कार्यशाळेत गेलो. होमिंग केलं, दोन्ही स्विच लागले, स्क्रीनवर सगळं हिरवं. मग मोटरचा पुरवठा बंद केला.

टक्.

होम ऑफसेटमध्ये कुणीतरी कधीतरी 1.4 मिमी भरून ठेवलं होतं. बुधवारी मी बीमचे बोल्ट सैल करून पुन्हा कसले. आता तो आकडा 0.2 आहे, आणि मामांना फोटो पाठवला तेव्हा नाशिकला रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. उत्तर लगेच आलं: "चेकनट आवळला का?"