छोट्या हाताचं माप

माझ्या मुलीचा डावा हात जन्मतःच कोपराखाली जेमतेम चार बोटं लांबीचा आहे. ती त्याला ‘छोटा हात’ म्हणते. सहा महिन्यांची झाली, बसायला लागली, तेव्हा पहिला कृत्रिम हात बसवला. न हलणारा, नुसता दिसायला. लवकर सवय लागावी म्हणून. खरं सांगायचं तर तो तिच्यापेक्षा मलाच हवा होता. लोक टक लावून बघायचे, ते मला सोसायचं नाही.

पुढे खांद्याला पट्टे आणि केबल असलेला हूक आला. खांदा पुढे नेला की उघडायचा, सैल सोडला की रबराने मिटायचा. तिला तो जमला, पण पट्टा काखेत काचायचा. त्यात मुलं वाढतात. सॉकेट, म्हणजे छोटा हात आत बसतो ते कवच, घट्ट झालं की पुन्हा प्लास्टर गुंडाळून माप, पुन्हा चाचणीचं पारदर्शक सॉकेट, पुन्हा वाट बघणं.

आठव्या वर्षी मायोइलेक्ट्रिक हात घेतला. सॉकेटच्या आत दोन इलेक्ट्रोड कातडीला टेकतात, स्नायू आवळले की उठणारा विजेचा बारीक इशारा ते पकडतात, आणि मोटर मूठ उघडते-मिटते. सरावाला पडद्यावर दोन स्नायूंच्या दोन रेघा. एक वर न्यायची, दुसरी हलू द्यायची नाही. तिला खेळ आवडला, हात नाही. जड होता, आणि घाम आला की इलेक्ट्रोड दगा द्यायचे. शाळेत एकदा मैत्रिणीची बाही धरली ती सुटेचना. दोघी खूप हसल्या म्हणे. दुसऱ्या दिवसापासून हात कपाटात.

मी चिडले. ती म्हणाली, “आई, तो घातला की मला काही कळतच नाही.”

मग तिला पेन्सिलीला टोक काढताना नीट पाहिलं. शार्पनर टेबलावर ठेवून छोट्या हाताने दाबून धरते, उजव्याने पेन्सिल फिरवते. शार्पनर निसटायच्या आधीच दाब वाढवते, कारण कातडीला ते कळतं. सॉकेट चढवलं की नेमकी तीच कातडी झाकली जाते. आठ वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं!

पुढच्या भेटीत हात बनवणाऱ्या ताईंनी मला सोडून तिलाच विचारलं, “तुला काय करायचंय?” उत्तर तयार होतं: सायकल. वळणावर छोटा हात हँडलपर्यंत पोचत नाही. मी मध्येच थ्रीडी प्रिंटरवरच्या हाताचं काढलं. त्यांतले बरेच मनगट वाकवून चालतात, आणि हिला मनगटच नाही, हे लक्षात आलं आणि गप्प बसले.

ठरलं ते असं: हलकं सॉकेट, पुढे हँडलला अडकणारी वाटी, दोन्ही ब्रेक उजव्या मुठीकडे. रंग जांभळा. कातडीचा रंग तिने साफ नाकारला, “हात मिळवताना लोक दचकतात.” पडताना वाटी आपोआप सुटली पाहिजे, ही अटही तिचीच. चाचणीच्या दिवशी सायकलवर बसून तिने ती दहा-बारा वेळा ओढून सोडवून पाहिली, मगच पेडल मारलं.

दोन फेऱ्या झाल्यावर उतरली, सॉकेट काढून माझ्या हातात दिलं. “हे धर. मला झोपाळ्यावर जायचंय.”