दहा एचपीच पुरली: कन्व्हेयरच्या मोटरचा माझा अनुभव

डिचोलीकडच्या आमच्या पेव्हर ब्लॉकच्या युनिटात विजेचं काम माझ्याकडे आहे. जुलैत रेती भिजून जड होते आणि लाईट जाऊन परत आली, की भरलेला तिरका कन्व्हेयर हलायचं नाव घेत नाही. मोटर नुसती घुमते, ओव्हरलोड रिले (करंट फार वाढला की मोटर बंद करणारा) पडतो, मग मुलं फावडी घेऊन पट्टा रिकामा करतात. डीलरचं एकच पालुपद: "दहाची काढा, पंधरा एचपी बसवा, कटकट मिटेल."

मला ते पटेना. डस्ट कलेक्टरच्या ब्लोअरलाही तीच दहाची मोटर, तसाच स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी व्होल्टेजच्या स्टार जोडणीत सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजच्या डेल्टात नेणारा), आणि तो ब्लोअर कधी अडत नाही. ब्लोअरला लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, वेगाच्या वर्गाने वाढतो. अर्ध्या वेगाला चौथा हिस्सा पुरतो. पट्ट्याला मात्र कमी वेगातही जवळपास पूर्ण टॉर्क हवा, आणि जागचा सुटताना त्याहून जास्त.

जास्त म्हणजे किती, ते मोजायचं ठरवलं. मेन स्विचला कुलूप लावलं, फ्यूज खिशात टाकले. पट्टा मुद्दाम भरलेलाच ठेवला. मोटरचं कपलिंग सोडून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला पाइप जखडला, शाफ्टच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर गॅस सिलिंडर तोलायचा लटकता काटा अडकवला आणि पाइपाला काटकोनात ओढत गेलो. 14 किलोला शाफ्ट सुटला. 14 गुणिले 9.81 गुणिले 0.5, म्हणजे साधारण 69 न्यूटन-मीटर.

आता मोटर. टॉर्क म्हणजे 9550 गुणिले किलोवॅट, भागिले आरपीएम. दहा एचपी म्हणजे 7.5 किलोवॅट, 1440 आरपीएम: जवळपास 50 न्यूटन-मीटर. कॅटलॉगप्रमाणे सुटताना ती याच्या दुप्पट, 100 देते. पण ते थेट लाईनवर. स्टारमध्ये त्याचा तिसरा हिस्सा, 33. पट्टा सुटणार कुठून? डीलरची पंधरा एचपी, म्हणजे 11 किलोवॅटची घेतली असती, तर 1460 आरपीएमला 72, दुप्पट 144, स्टारमध्ये 48. पैसे जाऊन पट्टा तिथेच!

थेट लाईनवर लावायचाही विचार केला. पण टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. 415 चे 370 झाले की 100 चे 80 उरतात, त्यात सुरुवातीच्या सहापट करंटने व्होल्टेज आणखी बसतं. मोटर हळूहळू सुरू करणाऱ्या सॉफ्ट स्टार्टरचं तर नावच काढलं नाही. तो व्होल्टेज कमी करूनच मोटर सुरू करतो.

शेवटी चवथीच्या सुट्टीत व्हीएफडी बसवला, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज मिळून बदलत मोटरचा वेग शून्यापासून वाढवणारा ड्राइव्ह; व्हेक्टर कंट्रोलचा (कमी वेगातही पूर्ण टॉर्क देणारा), मोटरपेक्षा एक साइझ मोठा. 7.5 चा ड्राइव्ह मोटरच्या 50 च्या साधारण दीडपट, म्हणजे 75 पर्यंतच देतो. 69 पुढे ते फारच काठावरचं. मोटर जुनीच. आता भरलेला पट्टा सावकाश सुटतो, रिले पडत नाही.

मालकांनी लगेच मिक्सरलाही तसंच करायला सांगितलंय. तिथेही आधी काटा लावणार, अर्धवट भिजलेल्या काँक्रीटचा घाणा आत असताना.