१७२ चं कोडं सुटलं!

माझ्या मनगटावरच्या फिटनेस बँडवर तीन आठवडे छळणारा १७२ चा आकडा कुठून येतो ते आज सकाळी जळगावच्या मेहरूण तलावावर सापडलं.

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, हळू धावतानाही बँड पल्स १७० च्या वर दाखवतो आणि छातीला बांधायचा चेस्ट स्ट्रॅप १४० च्या आसपास. सेन्सर पुसा, अपडेट मारा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. दोन्ही करून झालं, फरक नाही. म्हणून आज दुसऱ्या फेरीत थांबलो आणि लगेच मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजले. ३५, म्हणजे मिनिटाला १४०. स्ट्रॅप १४१, बँड १७२. पुन्हा धावायला लागलो आणि आता १५ सेकंदांत पडणारी पावलं मोजली. ४३. गुणिले चार, १७२! बँड हृदय मोजतच नव्हता, माझी पावलं मोजत होता.

यालाच कॅडन्स लॉक म्हणतात (कॅडन्स म्हणजे पावलांचा ताल). बँडच्या सेन्सरचा हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्ताची हालचाल टिपतो, पण हात हलला की तीच हालचाल पावलांच्या तालातही होते. ठोक्याचा सिग्नल क्षीण असला की बँड तो दुसरा ताल पकडून बसतो. रोज भेटणारे आप्पा आकडे बघून म्हणाले, "भाऊ, तुनं घड्याळ खोटं बोलस."

कॅलरीचा घोळही इथूनच. ४० मिनिटांत ५.४ किमी झाले, वजन ७२ किलो. किलोमागे किमीला साधारण एक कॅलरी या ढोबळ हिशेबानं ३९० च्या आसपास यायला हव्यात. बँडनं ५६० दिल्या! पल्स बरोबर आली म्हणून कॅलरीवर विसंबावं असंही नाही. २०१७ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात ६० जणांवर सात उपकरणं तपासली. पल्समध्ये सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरीत सगळ्यांत बरं उपकरणही २७ टक्के चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्के. बँडच्या कॅलरी बघून ताटात बट्टी वाढून घेणं मी तरी सोडलंय.

वर्कआउट आपोआप ओळखण्याचं तर बोलायलाच नको. रविवारी मळ्यात भरीत पार्टी होती. भाजलेली वांगी लाकडी मुसळीनं ठेचली, तर बँडनं जागच्या जागी चारशे पावलं नोंदवली. त्याच हातानं परवा दळणाची गाडी ढकलत चक्कीपर्यंत गेलो, ते चालणं मात्र मोजलंच नाही, कारण हँडलवर मनगट स्थिर होतं.

उपाय म्हणून पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवला आणि एक भोक घट्ट केला. तिसऱ्या फेरीत बँड १३९ ते १४३ मध्ये राहिला, फक्त चढावर दोन मिनिटं पुन्हा १७२ ला चिकटला. स्ट्रॅपशी इतका वेळ जुळलेला आलेख मी पहिल्यांदाच पाहिला, किती बरं वाटलं!

दंडावर बांधायचा सेन्सर मागवणार होतो, पण हे लिहिताना आलेख पुन्हा उघडला. लॉक बहुतेकदा पहिल्या १५ मिनिटांतच लागलाय. सध्या पहाटे कडाक्याची थंडी असते, आणि थंडीत कातडीकडचं रक्त कमी होतं. म्हणजे सिग्नल आधीच क्षीण! मग खरेदी थांबवतो. उद्या घरातच दहा मिनिटं वॉर्म-अप करून, बँडवर स्वेटरची बाही ओढून निघतो. परवा पावलांचा ताल तोच ठेवून वेग बदलून बघतो. स्ट्रॅप चढला आणि बँड हलला नाही, तर लॉक अजून आहेच. दोन्ही आलेख टाकतो.