आईचा मुलुंडचा फ्लॅट विकताना

आईने मुलुंड पूर्वचा वन बीएचके विकून पुण्यात माझ्याजवळ यायचं ठरवलं. दादाने लगेच रंगाऱ्याला फोन करायची तयारी केली. मी म्हटलं, आधी फाइल काढू. मुंबईत गिऱ्हाइकाला घर पसंत पडतं आणि सौदा कागदावर अडकतो, हे आमच्याच बिल्डिंगमध्ये पाहिलेलं होतं.

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बाबांच्या नावावर होतं, आई नॉमिनी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाबांच्या पश्चात दादाचा आणि माझाही त्यात हक्क होता. म्हणून आम्ही दोघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र रजिस्टर करून दिलं आणि मग सोसायटीने सर्टिफिकेटवर आईचं नाव चढवलं. मूळ करार 1984 चा, पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचा. तो पाहून लोक दचकतात. फ्लॅटच्या करारांना खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागू झालं ते 10 डिसेंबर 1985 पासून. आमचा करार त्याआधीचा. वकिलाकडून तसं लेखी मत घेऊन ते करारासोबतच लावून ठेवलं. सेक्रेटरी काकांनी ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आणि कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त) यांच्या प्रती दिल्या. मेन्टेनन्सची थकबाकी नसल्याचं पत्रही दिलं. एवढ्या कामाला घरातल्या सगळ्या डागडुजीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो सत्कारणी लागला.

मग भिंती. बाथरूमलगतच्या भिंतीला ओल होती, बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला पोपडे. रंगारी म्हणाला, "ताई, प्रायमर मारून झाकून टाकतो." मी साफ नाही म्हटलं. पावसाळ्यात घर बघायला येणारा माणूस भिंतीवर तळहात ठेवूनच पाहतो. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याचा बंदोबस्त सोसायटीने करायचा. वरच्या बाथरूममधून झिरपत असेल तर तो संबंधित सभासदांचा खर्च. वरच्या काकूंशी आई स्वतः बोलली. नहाणीघराचे सांधे भरून घेतले, सोसायटीने बाहेरून भेगा बुजवल्या. भिंत पूर्ण वाळू दिली आणि मगच फिका पांढरा रंग दिला.

नवीन टाइल्स, नवा ओटा, मॉड्युलर किचन यांतलं काहीही केलं नाही. घेणारा स्वयंपाकघर आपल्या मनासारखं करतोच. आपण घातलेले तीन-चार लाख तो मोजत नाही. गळणारे नळ, न लागणाऱ्या कड्या, तडकलेली काच, पिवळे पडलेले स्विच एवढंच बदललं.

खरा फरक पडला तो माळा आणि बॉक्स ग्रिल रिकामं केल्यावर. चाळीस वर्षांचं सामान होतं: पितळेची पातेली, बाबांचे ऑफिसचे रजिस्टर, आमचे जुने पाट. आई एकेक वस्तू हातात घेऊन बसायची. तिला घाई केली नाही, आणि कोणीच करू नये असं मला मनापासून वाटतं. काही दादाकडे गेलं, काही माझ्याकडे, बाकीचं भंगारवाल्याकडे. ग्रिलमधले डबे आणि वाळलेल्या कुंड्या हटल्यावर हॉलमध्ये थेट देवघरापर्यंत ऊन यायला लागलं. घर पूर्वेकडचं, म्हणून लोकांना सकाळीच बोलवायचो.

किंमत ठरवताना एजंटाच्या आकड्यावर विसंबले नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आसपासच्या बिल्डिंगांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या सौद्यांचे उतारे, काढले. सौदे प्रत्यक्षात कितीला झाले ते त्यात दिसतं, जाहिरातीतले भाव वेगळेच असतात. जुन्या करारात बिल्ट-अप (भिंतींसकट) क्षेत्र लिहिलेलं होतं, म्हणून टेप लावून कार्पेट, म्हणजे आतलं वापरातलं क्षेत्र, मोजून घेतलं. आता सगळे भाव कार्पेटवरच बोलतात. पुनर्विकासाचा विषय निघाला की सभेच्या इतिवृत्ताची प्रत पुढे ठेवायची. घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या ट्रान्स्फर प्रीमियमची महापालिका हद्दीतली कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे, हेही आधीच सांगायचं.

घेणारं जोडपं ठाण्याचं. त्यांनी भाव पाडायला सुरुवात केली तेव्हा मी त्यांच्या खर्चाकडे वळले. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. एक कोटीच्या व्यवहारावर लाखभर रुपये वाचतात. घर पत्नीच्या नावावर घ्यायचं त्यांनी तिथेच ठरवलं आणि घासाघीस थांबली. फाइल तयार असल्यामुळे त्यांच्या बँकेच्या वकिलाने एकही जादा कागद मागितला नाही. एजंटाने सुरुवातीला सांगितलेल्या आकड्यापेक्षा आईला चार लाख जास्त मिळाले.

किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस (किमतीतून आधीच कापलेला आयकर) कापून भरतो, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. आणि सीएला टोकन घेण्याआधी भेटा. आमच्यासारखं जुनं घर असेल तर करासाठी विक्रीचा नफा मोजताना मूळ किमतीऐवजी 1 एप्रिल 2001 चं मूल्य धरता येतं, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल काढून ठेवावा. आईने पुण्यात विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत घर घेतलं, म्हणून त्या नफ्यावरच्या आयकरात कलम 54 ची सूटही तिला मिळाली.