उसना छंद

आमच्या छंद मंडळात आडनावांना फारसा भाव नव्हता. तिकीटवाले काका, दुर्बीणवाली ताई, घड्याळवाले आजोबा, विणकामवाल्या मावशी अशीच सगळ्यांची ओळख. वर्षानुवर्षं भेटणाऱ्या माणसाचं खरं नाव कळायचं ते वर्गणीची पावती फाडताना.

वार्षिक मेळावा म्हटला की अहवालवाचन, हिशेब आणि आभार आलेच. हे तिन्ही दर वर्षी थोडे थोडे आखूड होत गेले आणि माझ्या मते मंडळाच्या प्रगतीची तीच खरी खूण. बाकी सगळा वेळ टेबलांचा. सुरुवातीला प्रत्येकाचं एक टेबल असे, टेबलावर ‘कृपया हात लावू नये’ अशी पाटी आणि पाटीमागे मालक. अडचण एवढीच की जो तो आपल्या टेबलामागे उभा, मग बघायला येणार कोण? कोणी चुकून आलंच तर काका पेनी ब्लॅकचं पान उघडत. “१८४०. जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट.” समोरचा “वा!” म्हणे आणि पुढे सरके. असं ‘वा’ म्हणून सरकण्यात आम्ही सगळेच तरबेज झालो होतो.

तोडगा काढला घड्याळवाल्या आजोबांनी. मेळाव्याच्या शेवटी सगळ्या छंदांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकायच्या. ज्याला जी निघेल तो छंद त्यानं वर्षभर करायचा आणि पुढच्या मेळाव्यात तोच मांडायचा. मूळ मालकानं वर्षभर लागेल ती मदत करायची, मात्र मेळाव्याच्या दिवशी तोंड उघडायचं नाही. ही शेवटची अट पाळताना भल्याभल्यांचे हाल व्हायचे.

पहिल्याच वर्षी ताईला तिकिटं निघाली आणि काकांना दुर्बीण.

ताईनं काय केलं असेल? पेनी ब्लॅक दुर्मीळ आहे असं ती म्हणालीच नाही. ते तसं नाहीच. साधारण पावणेसात कोटी तिकिटं छापली होती. तिनं एक प्रश्न विचारला: “इतकं देखणं काळं तिकीट, मग वर्षभरातच बंद का केलं?” आणि एखादा तपास उलगडावा तसं सांगत गेली. काळ्या तिकिटावर लाल शाईचा शिक्का मारत. तो नीट दिसत नसे, शिवाय पुसून काढता येई, म्हणजे तेच तिकीट पुन्हा वापरायची सोय. म्हणून १८४१ मध्ये रंगांची अदलाबदल झाली: तिकीट लाल, शिक्का काळा. त्या तिकिटांना कडेची भोकंही नव्हती. टपाल कारकून कात्रीनं कापून देत, म्हणून चारही बाजूंना पांढरी कड शाबूत असलेलं तिकीट संग्राहकाला प्यारं. मग तिनं भोकं मोजायची पट्टी सगळ्यांच्या हातात दिली. दोन सेंटीमीटरांत किती भोकं बसतात ते मोजायचं, त्यावरून वरवर सारखी दिसणारी तिकिटं वेगळी निघतात. ‘हात लावू नये’ची पाटी तिनं उलटी करून त्यावर आकृती काढली होती. काका मागे ओठ घट्ट मिटून उभे. हे सगळं त्यांना आधीपासून ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी त्यात नवल काहीच नव्हतं.

मला तेव्हा जे जाणवलं ते अजूनही खरं वाटतं. छंदाचा मालक आपल्याकडे काय आहे ते सांगतो. छंद उसना घेतलेला माणूस आपल्याला काय अडलं ते सांगतो. आणि ऐकायला दुसरंच बरं असतं.

काकांनी दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत पाहिले तेच. रोज रात्री एक गोल आणि त्याच्या बाजूला चार ठिपके, तारीख-वेळ घालून वहीत. तीही तिकिटांच्या अल्बमसारखी, प्रत्येक चित्राला चौकट! कधी ठिपके तीनच. मग चौथा गुरूच्या मागे गेलाय की पुढे आलाय, हे शोधण्यात त्यांची झोप उडायची. आयो हा चंद्र साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो, त्यामुळे एका बैठकीतही तो सरकलेला कळतो. आम्हां सगळ्यांना वही दाखवून झाल्यावर ते म्हणाले, “दुर्बिणीत दिसतं तसं काढलंय, म्हणजे सगळं उलटं. १९१८ च्या एका अमेरिकन तिकिटावर विमान उलटं छापलं गेलं होतं. शंभर तिकिटांचा एकच ताव बाहेर आला, आणि जगभरचे संग्राहक अजून त्यावर जीव टाकतात. तेव्हा माझी वही जपून हाताळा.”

विणकामवाल्या मावशींना अंकांचे खेळ निघाले तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला. मेळाव्यात मात्र अख्खं सभागृह त्यांनी वजाबाकीला बसवलं. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७. मग ८७३० मधून ०३७८, ८३५२. मग ८५३२ मधून २३५८, ६१७४. आणि तिथून हलायचं नाव नाही. सगळ्या कोपऱ्यांतून ६१७४, ६१७४ असे आवाज यायला लागले. एक मुलगा हटून बसला, “माझं शून्य आलं!” त्यानं १११२ घेतले होते. २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात आणि पुढे सगळं शून्य. मावशी त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. “अरे, टाका सुटलाय तुझा. चार घरं हवीत ना? पुढे शून्य घाल.” ०९९९ केल्यावर त्याचीही गाडी ६१७४ ला पोचली. सातपेक्षा जास्त पायऱ्या कुणालाच लागत नाहीत. हा शोध लावणारे द. रा. कापरेकर शाळामास्तर होते आणि अंकांशी खेळणं हा त्यांचा छंद, हे मावशींनी अगदी शेवटी सांगितलं.

घड्याळवाल्या आजोबांना कागदाच्या घड्यांची कला मिळाली. बारीक स्क्रू फिरवणारी बोटं ती, चौकोनी कागदातून न कापता क्रौंच पक्षी काढणं त्यांना जड गेलं नाही. त्यांना वेड लागलं ते खुणांचं. तुटक रेघ म्हणजे दरीसारखी आत जाणारी घडी, रेघ-ठिपका म्हणजे डोंगरासारखी वर येणारी. आकिरा योशिझावा या जपानी कलावंतानं रुळवलेल्या या खुणा कळल्या की भाषा येवो न येवो, कुठल्याही देशातलं घड्यांचं पुस्तक वाचता येतं. मिउरा घडीचा कागद दोन कोपरे धरून ओढला की एका झटक्यात उलगडतो. ती आजोबांनी इतक्यांदा करून दाखवली की शेवटी कागदच फाटला. याच घडीनं १९९५ मध्ये जपानी उपग्रहाचं सौर पॅनेल अवकाशात उघडलं, असं ते प्रत्येकाला निदान दोनदा तरी सांगत.

मी शब्दकोडी रचणारा. मला सायनोटाइप निघाला: कागदावर रसायन लावायचं, वर पान ठेवायचं, उन्हात धरायचं आणि नुसत्या पाण्यानं धुवायचं, की निळ्या कागदावर पांढरं पान उमटतं. १८४२ ची ही युक्ती जॉन हर्शेलची. तो खगोलशास्त्रज्ञ होता हे कळताच ताईनं मला मदत करणं सोडून त्याच्याच गोष्टी सांगायला सुरुवात केली.

सगळेच छंद असे उसने देता येत नाहीत. बुद्धिबळाची चिठ्ठी दोनदा फुकट गेली. त्या खेळाबद्दल प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं असतं. एका ज्येष्ठ सभासदांना तर हा सगळा प्रकारच उथळ वाटे. “वर्षभरात काय डोंबल कळणार?” असं ते दर मेळाव्यात म्हणत. त्यांचं निम्मं बरोबर होतं. पक्ष्यांचे आवाज ओळखायला एक वर्ष म्हणजे काहीच नाही. तरी चिठ्ठी काढायला तेही रांगेत असायचेच.

काकांनी मात्र दुर्बीण सोडली नाही. त्यांच्या अल्बममध्ये आता आकाशाचं वेगळं दालन आहे आणि त्यात १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा निरनिराळ्या देशांनी काढलेली तिकिटं आहेत. मागच्या मेळाव्यात ताई भिंग घेऊन ती तपासायला बसली. धूमकेतूची शेपटी सूर्यापासून लांब जाणारी हवी. एका तिकिटावर चित्रकारानं ती सूर्याकडेच वळवली होती. ताई म्हणाली, “काका, हे काढून टाका, चूक आहे.” काका म्हणाले, “अगं, चूक आहे म्हणूनच तर घेतलंय!” आभार मानायला उभे राहिलेले कार्यवाह बराच वेळ उभेच होते.