टाइमआउट झाला, मग पैसे गेले की नाही?

पेमेंटच्या स्क्रीनवरचे एरर मेसेज बदलायचे होते. काम तसं किरकोळ. फ्रंटएंडवाला, म्हणजे स्क्रीनचा कोड लिहिणारा, दुसऱ्या रिलीजमध्ये अडकलेला. म्हणाला, "तूच एआय असिस्टंटला घेऊन कर. कोडची वेगळी प्रत, म्हणजे ब्रँच काढ, मी रिव्ह्यू करतो." माझ्यासारख्या डिझायनरने फिग्मा या डिझाइनच्या अ‍ॅपमधली फ्रेम (स्क्रीनचं चित्र) पाठवायची आणि कोडची वाट बघत बसायचं, ही आमची रीत हल्ली बरीच मोडली आहे.

असिस्टंटला मी लगेच कोड लिहायला लावत नाही. आधी बजावलं, "एकाही फाइलला हात लावू नकोस. पेमेंट कुठे कुठे फसू शकतं ते शोध आणि प्रत्येक वेळी युजरला काय दिसतं ते लिही." यादी आली: कार्ड नाकारलं, ओटीपी चुकला, नेट गेलं, सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही (टाइमआउट). जुन्या डिझाइनमध्ये या सगळ्यांना मिळून एकच लाल पट्टी होती, 'काहीतरी चुकलं'.

मग बदल करायला सांगितले. स्क्रीन भराभर उभी राहिली, देखणीही होती. लाल रंग मात्र त्याने मनाने घेतलेला. पांढऱ्यावर कॉन्ट्रास्ट २.८:१, आणि साध्या मजकुराला डब्ल्यूसीएजी (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे निकष) किमान ४.५:१ मागतं. 'रंग फक्त आमच्या टोकनमधूनच (ठरवलेल्या रंगांच्या यादीतूनच) घे' असं प्रोजेक्टच्या सूचनांच्या फाइलमध्ये लिहून टाकलं, विषय संपला.

खरी गोम टाइमआउटमध्ये होती. तिथे त्याने लिहिलं होतं, 'पेमेंट झालं नाही. पुन्हा प्रयत्न करा.' खाली ठसठशीत बटण. कीबोर्डच्या टॅबने तिथवर पोचता येत होतं, दृष्टिहीनांसाठीचा स्क्रीन रीडर मेसेज वाचत होता, टेस्ट पास. पण वाक्यच खोटं! टाइमआउट म्हणजे आपल्यापर्यंत उत्तर आलं नाही, एवढंच. पैसे कापलेही गेले असतील.

असिस्टंटलाच विचारलं, बटण दोनदा दाबलं तर? त्याने लगेच आयडेम्पोटन्सी की समजावून सांगितली: एका व्यवहाराच्या सगळ्या प्रयत्नांना एकच खूण जोडायची, म्हणजे सर्व्हर दुसरी विनंती ओळखतो आणि पुन्हा पैसे कापत नाही. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं, विचारेपर्यंत गप्प होता. सर्व्हरचा कोड बघणाऱ्या बॅकएंडवाल्याला गाठलं.

"आपल्याकडे ही की आहे का?"

"नाही."

"मग दोनदा दाबलं तर?"

"दोनदा कापले जातील."

बटण काढलं. तिथे आता 'पेमेंट झालं का ते तपासत आहोत. कृपया पुन्हा पैसे भरू नका' असं आलं. स्क्रीन स्वतःच व्यवहाराची स्थिती विचारत राहणार आणि 'झालं नाही' असं पक्कं कळलं तरच बटण दाखवणार. प्रॉडक्ट मॅनेजर वैतागला, "लोक ताटकळतील, निघून जातील." जातील ना, पण दुप्पट पैसे भरून तर जाणार नाहीत! यावर बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी ठरलं की थोड्या वेळाने स्क्रीन सोडता येईल आणि निकाल एसएमएसने कळवू. हा निवाडा असिस्टंटवर ढकलण्यासारखा नव्हताच.

रिव्ह्यूमध्ये फ्रंटएंडवाल्याने बरंच कापलं. असिस्टंटने कोणी न सांगता जुन्या फाइलींची साफसफाई केली होती, ती सगळी गेली. पुढच्या रिलीजला बॅकएंडवर की आली आणि बटण परत आलं. फिग्मातली फ्रेम मी त्यानंतर काढली, तीही सपोर्टवाल्यांना ट्रेनिंगसाठी चित्र हवं होतं म्हणून.